वायर जोडली तरी नेट नाही: केबल मोडेम ते लॅपटॉप, अडलंय कुठे ते शोधताना

लॅपटॉपला लॅनची वायर लावली, क्लिप टक्कन बसली, आणि तरी स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘नो इंटरनेट’. अशा वेळी बहुतेक घरांत एक तर केबलवाल्याला फोन जातो, नाही तर कुणीतरी टाचणी घेऊन मोडेमच्या मागचं रीसेटचं भोक दाबतं. फोनमुळे निदान नुकसान तरी होत नाही. टाचणीनं मात्र डब्यात भरलेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात. कधी त्यात कंपनीनं दिलेलं युजरनेम-पासवर्डही असतं, आणि मग ते परत भरायला माणूस येईपर्यंत घरातलं जे काही चालू होतं तेही बंद पडतं. म्हणून पहिली विनंती हीच, की टाचणी ड्रॉवरमध्ये परत ठेवा.

नेट तुमच्या स्क्रीनपर्यंत तीन टप्प्यांत येतं. भिंतीतून मोडेमपर्यंत, मोडेमपासून लॅपटॉपच्या पोर्टपर्यंत, आणि पोर्टपासून पुढे लॅपटॉपच्या आत. अडलेलं असतं ते बहुधा यांपैकी एकाच ठिकाणी. ते कुठे हे कळायच्या आधी सेटिंगला हात लावला की एकाचे दोन बिघाड होतात. शोधायला हत्यारं लागत नाहीत. डब्यावरचे दिवे आणि लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राची ओळख सांगणारा आकडा), या दोन खुणा वाचता आल्या की बरंचसं काम होतं.

कामाला लागण्याआधी लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. नाही तर वायर चालली असं वाटतं आणि नेट प्रत्यक्षात बाहेरच्या खोलीतल्या राउटरवरून हवेतूनच येत असतं. उलटंही होतं. विंडोज वायरीला वाय-फायपेक्षा वरचा मान देतं, त्यामुळे बिघडलेली वायर लावली की छान चाललेलं वाय-फायही मेल्यासारखं दिसतं. आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोनवर एक फोटो काढून ठेवा. कुठली वायर कुठे होती हे दहा मिनिटांनी कुणालाच आठवत नाही.

आधी डबा ओळखा

मुंबईत ‘केबलचं नेट’ म्हटलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. घरात येणारी वायर बघितली की त्या ओळखता येतात.

टीव्हीला लागते तशी जाड गोल वायर, मधोमध एकच तांब्याच्या रंगाची तार, टोकाला पेचासारखा फिरवून बसवायचा धातूचा कनेक्टर: ही कोॲक्सियल केबल. ती ज्या डब्यात जाते तो खरा केबल मोडेम. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

दुसऱ्या प्रकारात गच्चीवर किंवा जिन्याखाली एका पेटीत स्विच, म्हणजे एका लाइनचं नेट अनेक घरांना वाटणारा डबा असतो आणि तिथून बाहेरच्या भिंतीवरून लोंबत, खिडकीच्या ग्रिलमधून लॅनची वायर थेट आत येते. इथे घरात मोडेम नसतोच. असलाच तर राउटर असतो, आणि लोक त्यालाच मोडेम म्हणतात. तिसरा प्रकार फायबरचा. केसासारखी बारीक काच असलेली पातळ वायर आणि ओएनटी नावाचा डबा. त्यावर ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, आणि लॅपटॉपवर तुम्ही काहीही केलंत तरी फरक पडणार नाही. फायबरचं टोक काढून त्यात डोकावू नका, तो लेझर असतो.

तिन्ही प्रकारांत दुसरा आणि तिसरा टप्पा जवळपास सारखाच. फरक पडतो तो भिंतीकडच्या बाजूला.

भिंतीपासून मोडेमपर्यंत

केबल मोडेम सुरू झाला की दिवे ठरावीक क्रमानं लागतात. आधी पॉवर. मग ‘डीएस’, म्हणजे डाउनस्ट्रीम: मोडेम केबलमध्ये आपला चॅनेल शोधत असतो तोवर हा लुकलुकतो आणि सापडला की स्थिर होतो. मग ‘यूएस’, अपस्ट्रीम: आता मोडेम उलट कंपनीकडे बोलायचा प्रयत्न करतो. शेवटी ‘ऑनलाइन’. याला काही मिनिटं लागतात. एका मिनिटात लागला नाही म्हणून परत बंद करू नका.

दिवा कुठे अडलाय त्यावरून कारण बदलतं. डीएसच लुकलुकत राहिला तर सिग्नल येतच नाही किंवा फार कमी येतोय. कोॲक्सचा कनेक्टर हातानं घट्ट फिरवा, पक्कड नको. मधली तार वाकलेली, काळी-हिरवी पडलेली किंवा आखूड कापलेली आहे का बघा. पावसाळ्यात खिडकीतून येणाऱ्या वायरीच्या अंगावरून पाणी ओघळत थेट कनेक्टरपर्यंत येतं आणि तार गंजते. म्हणून वायर आत येण्याआधी बाहेर एक खालच्या बाजूला झुकलेला वळसा असावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. नुकतंच एसी बसवायला किंवा रंगकामाला कुणी आलं असेल तर बाहेरची वायर आधी तपासा. परांचीवरचा माणूस अडलेली वायर बाजूला ओढताना ती कशाची आहे हे बघत नाही.

डीएस स्थिर पण यूएस लुकलुकतोय, ही अवस्था मुंबईतल्या घरांत फार चकवते, कारण टीव्ही उत्तम दिसत असतो आणि ‘केबल तर चालू आहे’ असं आपण म्हणतो. टीव्हीला सिग्नल फक्त यायला हवा, मोडेमला तो परत पाठवावाही लागतो. वायरीत मध्ये टीव्हीसाठी बसवलेला बूस्टर असेल आणि तो एकाच दिशेनं काम करणारा असेल, तर मोडेमचा आवाज कंपनीपर्यंत पोचतच नाही. स्प्लिटरचंही तेच. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला साधारण साडेतीन डेसिबल खातो, चार वाटांचा सातच्या आसपास. हॉल, बेडरूम आणि आजीच्या खोलीतला टीव्ही असे एकामागे एक स्प्लिटर लागले असतील तर सगळे काढा, भिंतीतून आलेली वायर थोडा वेळ थेट मोडेमला लावा. दिवे लागले तर चोर सापडला.

डीएस आणि यूएस दोन्ही स्थिर पण ऑनलाइन लागत नाही, असं दिसलं तर बहुधा गोष्ट तुमच्या घराबाहेरची आहे. मोडेम कंपनीच्या यादीत नोंदलेला नाही, प्लॅन संपलाय, किंवा त्यांच्या बाजूला काम चालू आहे. हा फोन करायचा क्षण. तो थोडा थांबेल, आधी एक पान बघून घ्या.

बहुतेक केबल मोडेम आपलं एक छोटं पान १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर दाखवतात. बाहेरचं नेट नसतानाही ते बऱ्याचदा उघडतं. (इथले पत्ते आणि पुढे येणाऱ्या कमांड लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या.) तिथे डाउनस्ट्रीम पॉवर साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) दरम्यान हवी. उणे १५ ते अधिक १५ ही बाहेरची हद्द. त्याच्या शेजारी एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती हा आकडा असतो, तो ३३ किंवा त्याहून जास्त असला तर निवांत. अपस्ट्रीम पॉवर ३५ ते ५० च्या आत हवी. ती पन्नाशीच्या वर गेली असेल तर मोडेम जोर लावून ओरडतोय आणि समोर तरी ऐकू जात नाही, म्हणजे परतीच्या वाटेत कुठेतरी स्प्लिटर, खराब जॉइंट किंवा बूस्टर बसलाय. या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. लाइनमनसमोर हे आकडे ठेवले की ‘तुमचा लॅपटॉपच खराब आहे’ हे वाक्य सहसा ऐकावं लागत नाही.

गच्चीवरच्या स्विचवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. तो स्विच पुष्कळदा सोसायटीच्या कॉमन मीटरवर असतो. लिफ्ट किंवा जिन्याचे दिवे बंद असतील तर नेट का नाही याचं उत्तर तिथेच असू शकतं. वॉचमनला विचारा, किंवा शेजारच्यांना.

मोडेमपासून पोर्टपर्यंत

वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा. क्लिप तुटलेली असेल तर वायर बसल्यासारखी वाटते आणि जरा हलली की सुटते. तुटक्या क्लिपची वायर चालू ठेवण्यात काही अर्थ नाही, टोक नव्यानं क्रिम्प करून, म्हणजे खास पक्कडीनं दाबून बसवून घ्या.

आता पोर्टच्या शेजारचा दिवा बघा. पातळ लॅपटॉपांवर तो नसतोच, तेव्हा मोडेमवर ‘लॅन’, ‘लिंक’ किंवा ‘पीसी’ असं लिहिलेला दिवा पाहायचा. तो अजिबात लागत नसेल तर आयपी, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय), विंडोज यांचा विचारही करायचा नाही. दोन यंत्रांची विजेच्या पातळीवरच ओळख पटलेली नाही. क्रमानं अदलाबदल करा: दुसरी वायर, मग दुसरा लॅपटॉप, आणि राउटर असेल तर त्याचा दुसरा लॅन पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या आणि चाललं, तर खराब वायर कपाटात जाऊन बसते आणि पुढच्या परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा बाहेर येते.

राउटर मध्ये असेल तर लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टात आहे ना हे बघा. वेगळ्या रंगाचा, ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेला पोर्ट बाहेरून येणाऱ्या वायरीसाठी असतो. त्यात लॅपटॉप लावला तर दिवा लागेल, पण नेट येणार नाही.

दिवा लागतो पण वेग मरतुकडा आहे, अशी तक्रार असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडून ‘लिंक स्पीड’ वाचा. दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिटचे असूनही १००/१०० दिसतंय तर वायरीतल्या चारपैकी एखादी जोडी तुटली आहे. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे अर्धी तुटलेली वायर पूर्ण बंद न पडता गुपचूप हळू होते. टोक नव्यानं लावून घेताना रंगांचा नेहमीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. क्लिप पलीकडच्या बाजूला, पितळी पट्ट्या आपल्याकडे आणि वायर खाली लोंबती धरून डावीकडून मोजायचं. घाईत येणारा माणूस कधी कधी फक्त चारच तारा क्रिम्प करून जातो. त्याच्या दृष्टीनं नेट ‘चालू’ असतं.

लॅनचा पोर्टच नसलेल्या लॅपटॉपांना यूएसबीचा डोंगल लागतो. डोंगल लावल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली नवं नाव यायला हवं. आलं नाही किंवा पिवळं चिन्ह दिसलं तर ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर नाही. आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, इथे सगळे अडकतात. फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा आणि त्या नेटवर ड्रायव्हर उतरवा. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या बिननावाच्या डोंगलमध्येही आतली चिप बहुतेक वेळा रिअलटेक किंवा एएसआयएक्सची असते, त्यामुळे ड्रायव्हर डोंगलच्या नावानं नाही, चिपच्या नावानं शोधा. हबमधून लावलेला डोंगल रुसत असेल तर थेट लॅपटॉपमध्ये लावून बघा.

मोडेमची आठवण

दिवे सगळे लागलेत, वायर चांगली आहे, राउटरला लावलं की नेट चालतं, पण तीच वायर राउटरमधून काढून लॅपटॉपला लावली की नाही. खऱ्या केबल मोडेमवर हा प्रकार दिसला तर माझा पहिला संशय मॅक पत्त्यावर.

प्रत्येक नेटवर्क पोर्टला कारखान्यातूनच एक बारा अक्षरी ओळख मिळते, तो मॅक पत्ता. केबल मोडेम सुरू झाल्यावर पहिल्यांदा जे यंत्र त्याला बोलतं, त्याचा मॅक तो लक्षात ठेवतो. कनेक्शनवर एकाच यंत्राची परवानगी असेल, तर नंतर आलेल्याला तो दाद देत नाही. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं आहे हे: वहीत एक नाव लिहिलं, आता दुसरा कोणी आला तर तो कितीही ओळखीचा असो, बाहेर थांबा. वही कोरी होते ती मोडेम पूर्ण बंद झाल्यावर.

म्हणून हे असं करायचं. लॅपटॉप बंद करा, आणि शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, कारण विंडोजचं साधं शट डाउन ‘फास्ट स्टार्टअप’मुळे अर्धवटच असतं. मोडेमची वीज काढा. लॅनची वायर राउटरमधून काढून लॅपटॉपला लावा. दोन-तीन मिनिटं थांबा. मग मोडेम चालू करा, ऑनलाइनचा दिवा स्थिर होऊ द्या, आणि त्यानंतरच लॅपटॉप चालू करा. क्रम महत्त्वाचा आहे.

आता मुंबईतला खास अडथळा. लाइट गेली तरी नेट राहावं म्हणून पुष्कळ घरांत मोडेम मिनी यूपीएसवर असतो, भिंतीवर चिकटवलेला छोटा बॅटरीचा डबा. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी मोडेम त्या बॅटरीवर मजेत चालूच राहतो आणि त्याची आठवणही शाबूत राहते. ‘दहा वेळा बंद-चालू केलं’ असं सांगणाऱ्यांकडे हे हमखास तपासावं. बटणावर जाऊ नका, मोडेमच्या मागची पॉवरची गोल पिनच उपटा आणि सगळे दिवे विझल्याची खात्री करा.

एवढ्यानंही झालं नाही तर मॅक मोडेममध्ये नाही, कंपनीच्या सर्व्हरवर बांधलेला असू शकतो. गच्चीवरच्या स्विचवाल्या नेटमध्ये हे सर्रास असतं. त्यांना फोन करून एवढंच म्हणायचं, ‘माझा मॅक रिलीज करा, नवीन यंत्र लावतोय.’ ज्यांना हे वाक्य कळतं ते दोन मिनिटांत करतात. डोंगलचा मॅक वेगळा आणि लॅपटॉपच्या अंगच्या पोर्टचा वेगळा, हे विसरू नका. डोंगल बदलला तर कंपनीच्या लेखी यंत्र बदललं.

फोनच उचलत नसतील तर एक आडवाट आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘नेटवर्क ॲड्रेस’ किंवा तशा अर्थाची ओळ असते. सगळ्याच अडॅप्टरना नसते, पण असली तर तिथे राउटरच्या तळाला छापलेला वॅनचा मॅक मधली चिन्हं वगळून लिहिता येतो. मग राउटर आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी त्या लाइनवर ठेवू नका, आणि काम झालं की ते रिकामं करा.

आकडा काय सांगतो

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ (cmd) शोधून काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून एंटर दाबा. इथरनेटखाली ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ दिसेल. ॲपलचा मॅकबुक वापरणाऱ्यांनी सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट पाहावं.

‘मीडिया डिस्कनेक्टेड’ लिहून आलं तर तुम्ही अजून वायरीच्या टप्प्यातच आहात, मागे जा.

१६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता म्हणजे लॅपटॉपनं पत्ता मागितला, कुणीच दिला नाही, आणि त्यानं स्वतःच एक लावून घेतला. वायर ठीक, पलीकडून उत्तर नाही. मोडेमला असलेली जुन्या मॅक पत्त्याची आठवण, ऑनलाइन नसलेला मोडेम किंवा लॅपटॉपमधलं सुरक्षा सॉफ्टवेअर, असे संशयित इथे उभे असतात.

१९२.१६८.१००.२ किंवा असाच १९२.१६८.१०० चा पत्ता, आणि समोर केबल मोडेम: म्हणजे मोडेमला बाहेरचं नेट मिळालेलं नसल्यामुळे त्यानं स्वतःच तात्पुरता पत्ता दिलाय. दिवे परत बघा.

१९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ चा पत्ता राउटरमागे असाल तर नेहमीचाच. पण गच्चीवरून आलेली वायर थेट लॅपटॉपला लावलेली असताना असा पत्ता आला, तर इमारतीत कुणीतरी आपल्या राउटरच्या लॅन पोर्टात चुकून बाहेरची वायर खोचली असण्याची दाट शक्यता आहे. मग त्याचा राउटर साऱ्या इमारतीला पत्ते वाटत बसतो, आणि मजल्यामजल्यावरून नेट गेल्याच्या हाका सुरू होतात. हे लॅपटॉपवर दुरुस्त होत नाही. केबलवाल्याला सांगा, गच्चीवर एकेक वायर काढून तो अर्ध्या तासात ते घर शोधतो.

१००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर घाबरू नका. कंपनी अनेक गिऱ्हाइकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरते तेव्हा असा देते. नेट चालायला हवं.

पत्ता ठीक वाटला की पुढचं पाऊल पिंग, म्हणजे काळ्या खिडकीत ping आणि पुढे पत्ता लिहून उत्तर येतं का ते बघणं. आधी आयपीकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिलेल्या पत्त्याला, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या साइटच्या नावाला. गेटवे काही ठिकाणी मुद्दाम पिंगला उत्तर देत नाही, तेव्हा तो गप्प पण ८.८.८.८ बोलतोय तर पुढे चला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला नाही, तर दोष फक्त डीएनएसचा. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये डीएनएस हातानं ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा, बाकी काही बदलू नका. पिंग सगळीकडे जातो पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही, तर प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारी सेटिंग) लावलेली नाही ना ते बघा. आणि लॅपटॉपची तारीखही, कारण घड्याळ चुकीचं असलं की ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो.

लॅपटॉपच्या आत

इथपर्यंत येऊन दुसरा लॅपटॉप त्याच वायरीवर चालतो आणि तुमचा नाही असं ठरलं, तरच आत हात घाला.

पहिली जागा: विंडोज आणि आर दाबून एनसीपीए.सीपीएल (ncpa.cpl) लिहा. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’. ऑफिसात किंवा जुन्या घरी कुणी ठरावीक पत्ता भरून ठेवला असेल तर तो इथे सापडतो. लिहून घ्या आणि आयपी व डीएनएस दोन्ही ठिकाणी ‘आपोआप’वर आणा. मग काळी खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडून आयपीकॉन्फिग /रिलीज (ipconfig /release), आयपीकॉन्फिग /रिन्यू (ipconfig /renew) आणि आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns) या क्रमानं चालवा.

दुसरी जागा, व्हीपीएन आणि अँटीव्हायरस. मुदत संपलेल्या अँटीव्हायरसची फायरवॉल अर्धवट जिवंत राहून वायरीचं नेट अडवते, हे अजिबात दुर्मीळ नाही. नुसतं ‘डिसेबल’ करून भागत नाही. थोड्या वेळासाठी काढूनच टाका आणि विंडोजचं डिफेंडर चालू ठेवा.

तिसरी, डिव्हाइस मॅनेजर. तिथे अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधलं वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करू देणाऱ्या चौकटीतली खूण काढा, झोपेतून उठल्यावरच नेट जातं अशांना यानं बरं वाटतं. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ऑटोवर असू द्या. अडॅप्टर ‘अनइन्स्टॉल’ करून लॅपटॉप रीस्टार्ट केला की ड्रायव्हर नव्यानं बसतो. अडॅप्टर यादीतच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, लॅन बंद केलेलं नाही ना ते पाहा.

सगळ्यात शेवटी नेटवर्क रीसेट: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’. यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएन जातात. म्हणून शेवटी.

कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपवर यातलं जवळपास काहीच करता येणार नाही आणि करूही नये. काही ऑफिसं वायरीवर ओळखपत्र मागणारी व्यवस्था लावतात, काही घरातल्या वायरीला मुद्दाम बंदी घालतात. त्यांच्या आयटीवाल्यांना ‘घरच्या दुसऱ्या लॅपटॉपवर हीच वायर चालते’ एवढं सांगा. त्यांना तेवढंच हवं असतं.

लॉगिनचं नेट

काही स्थानिक कंपन्यांच्या लाइनवर वायर लावून भागत नाही, लॉगिन करावं लागतं. कधी ब्राउझरमध्ये त्यांचं पान उघडतं, कधी विंडोजमध्ये ‘डायल-अप’खाली पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायचं कनेक्शन तयार करावं लागतं. ६९१ ही एरर म्हणजे युजरनेम-पासवर्ड नाकारला: प्लॅन संपलाय, टाइप चुकलंय किंवा तेच लॉगिन राउटरमध्ये आधीच चालू आहे. ६५१ आली तर पलीकडून उत्तरच नाही, वायर आणि स्विचकडे वळा. लॉगिन राउटरमध्ये भरलेलं असेल तर लॅपटॉपवर ते परत करायची गरज नसते.

पावसाळा आणि जळालेला पोर्ट

जूनच्या पहिल्या गडगडाटानंतर, आणि पुन्हा ऑक्टोबरात, एक वेगळीच तक्रार येते: काल चालत होतं, रात्री वीज कडाडली, आज पोर्टला दिवाच नाही. इमारतीच्या बाहेरून किंवा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेलेली तांब्याची वायर विजेचा झटका थेट पोर्टात आणते. पॉवरला सर्ज प्रोटेक्टर आहे, यावर विसंबू नका, झटका लॅनच्या वायरीतूनही येतो. कडकडाट सुरू झाला की पॉवरची पिन, कोॲक्स आणि लॅनची वायर, तिन्ही काढायच्या. फायबरला ही भीती नाही, पण ओएनटीपासून लॅपटॉपपर्यंतची वायर आणि ओएनटीची वीज तांब्याचीच असते.

पोर्ट खरंच जळाला असं ठरलं, म्हणजे दुसऱ्या वायरीवर दिवा नाही, ड्रायव्हर बसतो पण लिंक येत नाही, तर मदरबोर्डच्या दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा यूएसबी ३ चा गिगाबिट डोंगल घ्या. यूएसबी २ चा घेतलात तर मोठ्या प्लॅनचा वेग त्यातच अडकेल. मोडेमचा पोर्ट जळाला असेल आणि मोडेम कंपनीचा असेल, तर तो बदलून देणं त्यांचं काम.

तक्रार करताना

फोनवर ‘नेट चालत नाही’ म्हणालात तर समोरून ‘मोडेम बंद करून चालू करा’ येणारच. त्याऐवजी थेट सांगा: ‘डीएस आणि यूएस स्थिर आहेत, ऑनलाइन लुकलुकतोय’, किंवा ‘ऑनलाइन आहे, पण दोन लॅपटॉपांना १६९.२५४ चा पत्ता मिळतोय, मोडेमची पिन काढून बघितली आहे.’ डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्रानं तो द्यायचा असतो, आणि तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय स्वतः एकेकट्या गिऱ्हाइकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे लिहून थांबू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

लाइनमन आला की आधी त्याला त्याच्या यंत्रावर नेट दाखवायला सांगा, तुमच्या घरातल्या वायरीवर, खाली जिन्यातल्या स्विचवर नव्हे. मग तीच वायर तुमच्या लॅपटॉपला, वाय-फाय बंद. मोडेमची पिन एकदा काढून परत लावायला लावा आणि ऑनलाइनचा दिवा लागेपर्यंत त्याला चहा द्या. काही कंपन्यांत तक्रार बंद करायला गिऱ्हाइकाच्या फोनवर ओटीपी येतो. पान उघडल्याशिवाय तो सांगू नका.